रात्र काढली

ग्रिम्स्बी, जानेवारी, पहाटेचे पावणेचार.
ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं की
मासळीच्या कारखान्यांचा वास आत शिरतो, मागोमाग थंडी,
आणि ट्रॉली नंबर चारवरचे मिस्टर बोर्मन
पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतात.

मी कॉफीच्या यंत्राला टेकून
फोनवर पेपर वाचतेय. सोमवारी जर्नल क्लब माझ्याकडे आहे.

पंचाहत्तरीपुढची माणसं.
काहींना मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात खाट मिळाली,
काही सकाळपर्यंत आमच्यासारख्याच विभागात, ट्रॉलीवर.
दुसऱ्या गटातली जास्त गेली.
ज्यांना घरीच उठाबसायला हात लागायचा
त्यांच्यातली तर आणखी.
एवढंच. बाकी तक्ते,
आणि तक्त्यांखाली बारीक अक्षरांत चांदण्या.

रात्र वैऱ्याची आहे, जागे राहा
हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं वाचत मी मोठी झाले.
यांनी वैरी मोजला.
दशांशचिन्हानंतर दोन घरं.

अकरा पन्नासला एक खाट रिकामी झाली होती.
कशी झाली ते गॅविन सांगत नाही,
बेड मॅनेजर फक्त आकडा सांगतो: एक.
पुढे दोघं होते. बोर्मन, आणि मिसेस थर्कल, वय एक्क्याण्णव,
ज्या नर्स अबेनाला आपली बहीण समजून
कोंबड्या डालल्यास का, म्हणून विचारत होत्या.
मी थर्कलबाईंना वर पाठवलं.
तेव्हा पेपर वाचला नव्हता.
आता वाचताना बघतेय, माझं बरोबर होतं का.
पण पेपर या दोघांबद्दल बोलत नाही,
या दोघांसारख्यांबद्दल बोलतो.

"काय वाचतेस, पोरी?"

जागेच आहेत.
कानातलं यंत्र दातांच्या डबीत काढून ठेवलंय
म्हणून मी मोठ्यानं सांगते, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं,
आणि मग माझं मलाच ऐकू येतं काय सांगितलं ते.

"त्यात माझं नाव आहे का?"
नावं नसतात, मी म्हणते. वयं असतात.
"मग ठीक."
थोडा खोकला. मग:
"आइसलंडकडच्या पाण्यात, ट्रॉलरवर, बर्फ चढायचा दोरांवर.
रात्रभर कुऱ्हाडीनं फोडायचा. राहिला तर वजनानं बोटच उलटी.
झोपू नका, हे आम्हाला कुणी
कागदावर लिहून दिलं नव्हतं."

पेपराच्या शेवटी मर्यादा असतात. या पेपरात लिहिलंय:
ट्रॉलीवर राहिलेली माणसं मुळातच जास्त आजारी असतील,
खात्रीनं सांगता येत नाही.
गादीची जाडी लिहिलेली नाही.
डोक्यावरचा दिवा, ज्याचं बटण कुठे आहे कुणालाच माहीत नाही, तो नाही.
लघवीला जायचंय
हे सांगायला किती वेळा हात वर करावा लागला,
तेही नाही.

रासा फरशी पुसत येते.
चाकांभोवतून अलगद फडकं फिरवते, ट्रॉली हलू देत नाही.
मग आम्ही दोघी मिळून ती हलवतोच:
डोकं दारापासून लांब, पाय दाराकडे.
बोर्मन म्हणतात, आता वारा मागून आहे.

सातला हॅन्डओव्हर.
कॉरिडॉर चार, मी म्हणते, बोर्मन, चौऱ्याऐंशी,
छातीत जंतुसंसर्ग, ऑक्सिजन दोन लिटर,
खाटेच्या प्रतीक्षेत, चौदा तास.
आणखी काही? दिवसपाळीचा रजिस्ट्रार पेन वर धरून थांबतो.

रात्र काढली.
ओठांपर्यंत येतं.
विहिरीतून पाणी काढावं, पायातून काटा काढावा,
तशी काढली. तशी
यांच्या भाषेत मला सांगता येत नाही.

"रात्री इथेच होते," मी म्हणते.
तो लिहून घेतो.